कमरेपर्यंत पुरलेला दगड

गुरुजी,

तुम्हाला लिहायचं म्हणजे आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासायला हवं, आणि ते मी करणार नाही. छडी घेऊन तुम्ही काही लीड्सला येत नाही, तुमच्या जाण्याचा तेवढा एक फायदा. सातवी पास झाले ती तुमच्या हाताखाली, त्यानंतर शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. पुढे लग्न झालं, मग ह्यांना इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली म्हणून हा देश, मग मुलगा, आणि मग हे गेले. आता घरात मुलगा, सून आणि मी. चौथं माणूस यायचंय. सुनेला सातवा महिना लागलाय. याआधी दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं, म्हणून यावेळी घरात सगळे पायाखाली काचा पसरल्यासारखे चालतात. मीसुद्धा. मला जपून चालायला कधी जमलं नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे. आज मात्र घरात कोणीच नाही. का नाही ते सांगते, पण क्रमानं सांगते, ओळ सोडून वाचलेलं तुम्हाला चालायचं नाही.

सून पुण्याची आहे. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार घेते. लग्न ठरलं तेव्हाच मी तिला म्हटलं होतं, ऑफिसात पगार घेऊन चुका शोधतेस, घरी सासूच्या फुकट शोधायच्या नाहीत. ती हसली, आणि तेव्हाच मला आवडली. मिडवाइफनं तिला धावपळ करू नको सांगितलंय, त्यामुळे गेले काही महिने ती किचनच्या टेबलावर लॅपटॉप मांडूनच काम करते. मी इकडे कणीक मळते, ती तिकडे मीटिंगमध्ये इंग्रजी झाडते. काम संपलं की तिचा एक छंद आहे, जुने शिलालेख वाचायचा. त्याचा तिनं ऑनलाइन कोर्स लावलाय. तुम्ही असता तर खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला असता आणि मला चहा करायला लावला असता.

आता हे कसं चालतं ते ऐका, तुम्हाला हेवा वाटू दे. इंटरनेटवर एक पान उघडायचं. त्यात दगडाचा नाहीतर तांब्याच्या पत्र्याचा फोटो टाकायचा. ते पान फोटोतली अक्षरं हुडकून त्यांच्याभोवती पिवळ्या चौकटी आखतं आणि खाली आपल्या नेहमीच्या अक्षरात सगळं लिहून देतं. मग एखाद्या शब्दावर बाण नेला की एक डबी उघडते, आणि डबीत अर्थ. संस्कृत म्हणा, पाली म्हणा, जुनी मराठी म्हणा. ज्या शब्दाची त्याला खात्री नसेल त्याच्याखाली तुटक रेघ येते. तुम्ही ज्या कामाला भिंग, खडूची पूड आणि अख्खी दिवाळीची सुट्टी लावलीत, ते हे चहा निवायच्या आत करतं.

"आई, बघा ना," सून मला म्हणाली, "शेकडो वर्षांपूर्वीचा माणूस काय म्हणतोय ते कळतं."

"मला तुझा नवरा काय म्हणतो ते कळत नाही," मी म्हटलं. "जरा त्याच्यावर ने तो बाण."

एकदा तिचं लक्ष नसताना मी करपलेल्या भाकरीचा फोटो त्या पानात टाकला. त्यानं भाकरीवर चौकटी आखल्या आणि दोन अक्षरं वाचून दिली, खाली तुटक रेघ. सून पोट धरून हसली. "अहो आई, ते बिचारं अक्षरं शोधायलाच बसलंय. त्याला कुठेही दिसतात." तेव्हापासून आमच्या घरात शब्दच पडला. काही शोधलं आणि हाती काही लागलं नाही की आम्ही म्हणतो, भाकरी निघाली.

असं हसतखेळत चाललं होतं, आणि मग गावाकडून भावाचा फोन आला. माझा धाकटा भाऊ हो, जो तुमच्या वर्गात झोपायचा. तो आता शाळा समितीचा अध्यक्ष आहे. शाळा अजून आहे, गुरुजी, पण पोरं मोजकी उरलीत. मुलगे पिवळ्या बसमध्ये बसून हायवेपलीकडच्या इंग्रजी शाळेत जातात. आपल्याकडे उरल्यात त्या मुली, ज्यांच्या बसवर खर्च करायचं कोणाच्या मनात नाही. पट आणखी घसरला तर शाळा बंद होईल आणि त्या मुली घरी बसतील. भावानं यावर अक्कल चालवली. शाळेच्या आवारातला तुमचा दगड उकरून काढायचा, फाटकापाशी चौथऱ्यावर उभा करायचा, शेजारी अर्थाचा बोर्ड लावायचा. लोक बघायला येतील, पेपरात फोटो येईल, मग शाळेला हात लावायची कोणाची हिंमत होणार नाही.

"आक्का, तुज्या सूनबाईला असलं वाचता येतं म्हनं," तो म्हणाला. "लंडनहून वाचून आलंय म्हटलं की काम फत्ते."

"आम्ही लीड्सला असतो रे."

"त्येच की."

त्यानं दगडाच्या वरच्या भागाचा फोटो पाठवला. जमिनीच्या वर दिसतो तेवढाच, ज्याला आम्ही रोज प्रार्थनेआधी नमस्कार करायचो. वर चंद्र आणि सूर्य, खाली अक्षरांच्या ओळी, आणि मग माती. सुनेनं तो पानात टाकला. चौकटी आल्या, डब्या उघडल्या. चंद्रसूर्य आहेत तोवर, असं निघालं. ही जमीन, असं निघालं. इथवर तुमच्याशी जुळत होतं. तुम्ही आम्हाला त्या दगडाचा अर्थ पाठ करून घेतला होता, मला अजून येतो. चंद्रसूर्य आहेत तोवर या जागी विद्या नांदो, जो इथे लेकरांना बसवील त्याचं कल्याण होवो. पण डबीत विद्या नव्हती. डबीत निघाली गुरं. ही जमीन गुरांना चरायला सोडली आहे. त्यापुढे एक शब्द होता, 'जो'. आणि त्यानंतर माती.

"वाक्य अर्धंच आहे," सून म्हणाली. "जो कोण? काय करेल तो? मामांना सांगा, खालचा फोटो लागेल. आणि आई, तुमच्या गुरुजींनी गुरं कुठे घालवली?"

"वर्गात बसवली," मी म्हटलं. "आम्हीच ती."

ती हसली. मी उठून केटल लावली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले.

ते रान मला आठवतं. गावाच्या कडेला, पडीक, त्यात कोणी नांगर घातला नव्हता. शाळा तेव्हा पाटलांच्या गोठ्यात भरायची, मागे म्हशी आणि पुढे आम्ही. तुम्ही त्या रानाबद्दल विचारलंत तर म्हातारी माणसं तोंड फिरवायची. तिथे दगड आहे, एवढंच म्हणायची. तुम्ही छत्री आणि भिंग घेऊन गेलात. आडवा पडलेला दगड धुतलात, अक्षरांत खडूची पूड भरलीत, आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर देवळापुढे सगळ्या गावाला त्याचा गोड अर्थ सांगितलात. माझी आजी रडली होती ऐकून. इतकी वर्षं उगीच भ्यालो, असं म्हणाली. गावानं ती जागा शाळेला दिली. भिंतीचा पहिला दगड तुम्ही स्वतः बसवलात, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाहीत. आणि तो लिहिलेला दगड आवारात उभा करून कमरेपर्यंत पुरलात. आम्हाला सांगितलंत, वाऱ्यानं पडू नये म्हणून.

आता त्या दिवसाचं सांगते. मधली सुट्टी आहे. मुली सागरगोटे खेळतायत आणि मी काठीनं दगडाच्या बुंध्याशी माती उकरतेय, कारण ज्याच्या वरती चंद्रसूर्य आहेत त्याच्या खाली काय असेल हे मला बघायचंच आहे. हात कोपरापर्यंत आत गेलाय. बोटांना काहीतरी लागतं, गोल, खाली सपाट. खूर. मी वाकून बघते तर दगडात कोरलेला पाय, जनावराचा. तेवढ्यात तुमची सावली माझ्यावर पडते. तुम्ही मारत नाही. याचीच भीती मला जास्त वाटते. तुम्ही म्हणता, "बुजव." मी हातांनी बुजवते. मग तुम्ही मला तुमच्या खोलीच्या दारात नेता, रांजणातलं पाणी घेता आणि माझे हात धुता. स्वतः. मातीचा कण राहिला नाही तरी ओतत राहता. तुमचे ओठ हलतायत, मला वाटतं पाढे म्हणताय. आत काकू चुलीपाशी भाकरी थापतायत, एक हात पाठीवर ठेवून उभ्या राहतात आणि विचारतात, "काय केलं हो तिनं?" तुम्ही त्यांच्याकडे बघत नाही. मला म्हणता, "वरचं वाच. खालचं माझं."

काकूंनी मला त्या दिवशी गरम भाकरीवर लोणी घालून दिलं. त्या स्वतः चिंचेचं बुटुक चोखत होत्या. मी नऊ-दहा वर्षांची, मला काय कळणार. गुरुजी, त्यांना दिवस गेलेले होते. दिसलं मला तेव्हाच. समजायला एवढा काळ जावा लागला.

तो मुलगा पावसाळा सरायच्या आत गेला. त्यानंतरचा जन्माला आला तो रडलाच नाही. मग काकू बोलेनाशा झाल्या, आणि एक दिवस त्यांचे भाऊ येऊन त्यांना माहेरी घेऊन गेले, त्या परत आल्या नाहीत. गाव म्हणालं, गुरुजींचं नशीब. दगडाकडे कोणी बोट दाखवलं नाही, दाखवणार कसं, तुम्हीच तो गोड करून ठेवला होता. उलट बायका त्याला हळदकुंकू वाहायला लागल्या. पोटुशी बाई असली की तिच्या नावानं दगडाची ओटी भरायची रीत पडली. तुम्ही वर्गातून ते बघायचात आणि फळ्याकडे तोंड फिरवायचात. मला वाटायचं तुम्हाला देवधर्माचा कंटाळा आहे. सातवीनंतर तुम्ही मला ते भिंग दिलंत, म्हणालात, माझं वाचून झालं. ते मी इथे आणलं. गोळ्यांच्या पाकिटातली बारीक अक्षरं त्याच भिंगानं वाचते.

खालच्या फोटोची वाट बघत असताना वहिनीचा, म्हणजे भावाच्या बायकोचा, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आला. दगडापुढे खण, नारळ, तांदूळ. ती हात जोडून मोठ्यानं माझ्या सुनेचं नाव घेतेय, माहेरचं सासरचं सगळं, आणि म्हणतेय, हिची कूस उजव. सुनेनं बघितला आणि तिचे डोळे भरले. "किती प्रेमानं केलंय हो मामींनी." मी म्हटलं, "प्रेमानं नाही, तुझ्याकडून परदेशी चॉकलेट पाहिजेत तिला." पण व्हिडिओत वहिनीच्या मागे दोन गडी दिसत होते, पहारी घेऊन उभे. ओटी भरून झाली की उकरायला लागणार होते.

काल सकाळी मुलगा सुनेला घेऊन हॉस्पिटलला गेला, नेहमीचं स्कॅन होतं. ती जाताना म्हणाली, "मामांचा फोटो आला तर तुम्हीच टाका, तुम्हाला येतं आता." मी म्हटलं, "टाकते, आणि फी घेते." ती गेली आणि फोटो आला. दगड आडवा पडलेला, धुतलेला, ओला. अक्षरं खालपर्यंत गेलेली. आणि त्यांच्याखाली कोरलेली एक बाई आणि एक गाढव. दोघांचं काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे, ते मला लिहवत नाही, आणि मी किती गोष्टींना लाजते हेही तुम्हाला माहीत आहे. आधी मी हसले, खरंच सांगते. पासष्ट ओलांडलेली बाई एकटी किचनमध्ये हसत बसली. ज्या दगडाला आमच्या आज्या डोकं टेकवत होत्या तो कमरेखाली अशी शिवी घेऊन उभा होता, आणि तुम्ही, धोतराचा सोगा सुद्धा मुलींपुढे नीट आवरणारे तुम्ही, त्याच्यापुढे रोज आम्हाला रांगेत उभं करत होता.

मग मी फोटो पानात टाकला. चौकटी आल्या. मी एकेका शब्दावर बाण नेला. जो ही जमीन घेईल, असं होतं. जो दुसऱ्याला घेऊ देईल. जो ही अक्षरं झाकील. त्याच्या आईला ती शिवी. आणि शिवीच्या पुढे आणखी एक ओळ होती, तिच्यावर बाण न्यायची गरज पडली नाही, शब्द आपलेच होते, आजही तसेच बोलतो. त्याचा वंश बुडो. मी तरी बाण नेला. डबी उघडली, तिच्यात तेच. तुटक रेघ आहे का म्हणून तुमचं भिंग स्क्रीनला लावून बघितलं. नव्हती. भाकरी असेल, म्हटलं, याला कुठेही अक्षरं दिसतात. पण भाकरीत गाढव नसतं, गुरुजी, आणि त्या गाढवाच्या खुराला माझी बोटं लागलेली आहेत.

मी तिथेच बसून राहिले. बाहेर कौन्सिलची गाडी कचऱ्याचे बिन रिकामे करत पुढे गेली, शेजारीण बिन आत न्यायला आली आणि मला खिडकीतून हात केला, मीही केला. डोक्यात एकच चाललं होतं. तुम्हाला सगळं वाचता आलं होतं. शाळा हवी होती आणि गावाला द्यायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तुम्ही जमीन घेतलीत, अक्षरं झाकलीत, आणि पहिला दगड स्वतः बसवलात म्हणजे जे काय असेल ते तुमच्यावर यावं. हे मला पटतं. यात तुम्ही मोठे आहात. पण खालचं माझं असं तुम्ही म्हणालात तेव्हा काकू चार पावलांवर उभ्या होत्या. त्यांना विचारलं होतं का? हे मला विचारायचं होतं. की तुमचा यावर विश्वासच नव्हता, आणि मग मुलगा गेल्यावर बसला? मग माझे हात का धुतलेत?

मुलाचा फोन आला. "आई, घाबरू नकोस. बाळाची वाढ जरा स्लो वाटतेय त्यांना, आणि हिचं प्रेशर वाढलंय. ठेवून घेतायत, मॉनिटर लावणार. जस्ट टु बी सेफ." इथले डॉक्टर फार गोड बोलतात, त्यामुळे नेमकं कधी घाबरायचं ते कळत नाही. मी विचारलं, "बाळ हलतं का?" तो म्हणाला, "हलतं गं. कमी हलतं."

पाठोपाठ सुनेचा फोन. तिच्या मागे मशीनचा ठोका ऐकू येत होता, घोडा पळाल्यासारखा. "आई, खालचा फोटो आला का? काय निघालं? जो कोण?"

"भाकरी निघाली," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"नुसता झिजलेला दगड. तू पड गप."

ती हसली, पण दमून. "उद्या येताना माझा लॅपटॉप आणाल ना? इथे पडून पडून कंटाळा येईल. मीच बघते परत एकदा." हो म्हटलं. लॅपटॉप पिशवीत भरलाय. चार्जर पिठाच्या डब्यामागे ठेवलाय, आणि बॅटरी पार उतरलीय याची खात्री करून घेतलीय. ते पान मी टाकलेला फोटो आठवणीत ठेवतं, तो पुसायचा कसा हे मला येत नाही. मुलाला विचारलं तर तो वाचेल. इतक्या जुन्या काळचा माणूस रागावून जे म्हणाला ते आता या घरात, त्या काळ्या पत्र्यात, झाकण लावून बसलंय, आणि कधी ना कधी कोणीतरी झाकण उघडणार.

संध्याकाळ व्हायच्या आत भावाचा फोन आला. मी काय सांगायचं ते तोवर ठरवलं होतं. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी एक मुलगी शाळेत आली नसती. ज्या बायकांनी तिथे ओट्या भरल्या त्या आपापली गेलेली पोरं मोजत बसल्या असत्या. आणि वहिनीनं कोणाचं नाव तिथे मोठ्यानं घेतलंय ते गावभर झालं असतं.

"काय रे, दगड कोणी कोणी बघितला?"

"म्या आन् दोन गडी. पोत्यात गुंडाळलाय. खाली कायतरी जनावर हाय आक्का. घोडं दिसतंय."

"घोडाच आहे तो. ऐक, दगड बाहेर ठेवू नकोस. होता तसाच कमरेपर्यंत पुर. आणि अर्थ तोच, गुरुजींनी सांगितलेला. आमच्या मशीननं पण तोच दिला."

"मंग पुरायचा कशाला? लोकास्नी घोडं बघू दे की."

"गुरुजींनी बसवला तसा राहू दे. त्यांनी काहीतरी विचार करूनच बसवला असेल ना?" तुमचं नाव घेतलं की अजून गाव वाद घालत नाही, गुरुजी. भाऊ बरं म्हणाला. न कळता झाकलं तर त्याला दोष नाही असं मी ठरवून टाकलं, दगडाला न विचारता. आज उद्या गावातलंच एखादं पोर मोबाइल धरून वाचेल म्हणून तो मातीत जायलाच हवा.

मग तो म्हणाला, "पेंटर हितंच बसलाय. बोर्डावर खाली लिवायचं, वाचन अमुक तमुक. सूनबाईचं नाव पाठव, तिच्या डिग्रीसकट. म्या त्याला सांगूनबी ठिवलंय."

"तिचं नाव नको."

"का गं? मान हाय की."

"नको म्हटलं ना. तिनं वाचलेलं नाही."

"आक्का, सासूपना करू नगंस," तो म्हणाला, आणि मी म्हटलं, "करते. जन्मभर राहिला होता करायचा." तो हसला. पेंटर मागून काहीतरी ओरडला. "मंग कुनाचं लिवू? बिननावाचा बोर्ड दिसतो कसा?"

माझंच नाव सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. वरचं वाचा, खालचं माझं, असं मलाही एकदा म्हणायचं होतं. माझं आता काय जायचंय, नवरा गेला, दात गेले. पण त्या ओळीला माझं काही पडलेलं नाही, ती वंश बघते. आणि माझा वंश त्या वेळी हॉस्पिटलात मॉनिटरचा पट्टा बांधून निजला होता, कमी हलत होता.

हे पत्र खरं तर पाठवायचं होतं. इथले एक ओळखीचे पुढच्या आठवड्यात गावाकडे जातायत, त्यांच्याबरोबर बंद पाकीट द्यायचं आणि भावाला सांगायचं, दगड पुरताना खड्ड्यात टाक, उघडू नकोस. आता नाही देत. लिहिलेलं काही मातीत राहत नाही हे काल बघितलं. इथेच भिंगाच्या पिशवीत घडी करून ठेवते, आणि बस पकडून हॉस्पिटलला जाते. सकाळपासून मुलाचा फोन नाही.

मी तुमचं नाव सांगितलं, गुरुजी. पेंटरला नीट कळावं म्हणून दोनदा सांगितलं. तुमच्यामागे आता कोणी नाही, तुमच्याकडून आणखी काय नेणार, असा विचार केला. तुम्हाला न विचारता, जसं तुम्ही काकूंना विचारलं नव्हतं. मग फोन ठेवला आणि सिंकपाशी जाऊन नळाखाली हात धरले. पाणी कोमट झालं, गरम झालं, पोळायला लागलं तरी धरून ठेवले. माझे ओठ हलत होते. पाढे नव्हते ते. तुमचेही नव्हते.